पेलेट ग्रिलवर रसरशीत चिकन ब्रेस्ट : पहिल्यांदाच स्मोक करणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या बार्बेक्यूची बरीचशी शिकवणी ब्रिस्केट (गुराच्या छातीचं मांस) आणि पोर्क शोल्डर (डुकराच्या खांद्याचं मांस) यांभोवती फिरते. तिथल्या अनेक मराठी घरांत बीफ-पोर्क खाल्लं जात नाही, त्यामुळे मागच्या अंगणात पेलेट ग्रिल, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या छोट्या कांड्यांवर (पेलेटवर) चालणारी चूल, आली की त्यावर पहिलं चढतं ते चिकन, आणि त्यातही फ्रीजरमध्ये कायम पडून असलेलं ब्रेस्ट. मग ब्रिस्केटसाठी सांगितलेली रीत त्यालाच लावली जाते. मंद आच, भरपूर वेळ, ‘राहू दे अजून थोडं, मऊ होईल’. ताटात मात्र चोथा येतो.

ब्रिस्केट हे गुराचं सतत वापरात असलेलं, चिवट मांस. त्यात कोलॅजन, म्हणजे तंतूंना बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, भरपूर असतं. ते विरघळून मांस मऊ व्हायला आतलं तापमान २०० अंश फॅरनहाइटच्या आसपास न्यावं लागतं आणि त्याला कित्येक तास लागतात. कोंबडीच्या ब्रेस्टमध्ये विरघळण्याजोगं कोलॅजन जवळपास नसतंच, चरबीही नावापुरती. ते जास्त वेळ ठेवून मऊ होत नाही, फक्त सुकतं. ब्रेस्टला मंद आचेवर ठेवायचं ते धुरासाठी आणि सगळीकडून सारखं शिजावं म्हणून. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढच्या पायऱ्या आपोआप समजतात.

खालचे तापमानाचे सगळे आकडे फॅरनहाइटमध्ये आहेत, कारण तिकडची ग्रिलं आणि थर्मामीटर तेच दाखवतात. चमचा म्हणजे मोजमापाचा टीस्पून. प्रमाण ४ तुकड्यांचं, म्हणजे एकूण २ पौंड किंवा ९०० ग्रॅमच्या आसपास.

रस जातो कुठे?

मांस गरम होताना १२० ते १४० अंशांच्या दरम्यान मायोसिन हे प्रथिन घट्ट होतं. कच्चं, बुळबुळीत मांस शिजल्यासारखं दिसू लागतं ते इथे, आणि तोवर फारसं पाणी सुटत नाही. त्यापुढे १५० ते १६५ च्या पट्ट्यात ॲक्टिन हे दुसरं प्रथिन आवळायला लागतं. ओला पंचा पिळावा तसे तंतू आखडतात आणि आतलं पाणी बाहेर येतं. १६० ला काढलेला तुकडा आणि विसरून १८० ला गेलेला तुकडा यांत मसाला तोच, लाकूड तेच, पण खाताना दोन वेगळे पदार्थ वाटतात.

अमेरिकेच्या कृषी खात्याने कोंबडीसाठी १६५ अंश हा आकडा दिला आहे. त्या तापमानाला साल्मोनेला जवळजवळ तत्क्षणी मरतो. जंतू मरणं तापमान आणि वेळ या दोन्हींवर अवलंबून असतं: १६० ला साधारण पंधरा सेकंद, १५५ ला एक मिनिटाच्या आसपास लागतं. म्हणून १६० ला ग्रिलवरून काढून, झाकून ठेवून शेवटचे काही अंश आपसूक चढू द्यायचे, ही रीत सुरक्षितही आहे आणि रस राखणारीही. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा वयस्कर माणसं असतील तर झाकून ठेवल्यावर १६५ दिसल्याशिवाय वाढू नका.

ग्रिलची ओळख

ओरेगनमधल्या माउंट एंजल गावच्या जो ट्रेगर यांना पेलेट ग्रिलचं पेटंट १९८६ साली मिळालं. ते २००६ मध्ये संपलं आणि मग पिट बॉस, कॅम्प शेफ, रेकटेक अशा अनेक कंपन्यांची ग्रिलं बाजारात आली. नाव कोणतंही असो, आतली रचना सारखीच. बाजूला पेलेट भरायची पेटी म्हणजे हॉपर. तिच्या तळाशी फिरणारा मळसूत्री दांडा, त्याला ऑगर म्हणतात, तो पेलेट थोडे थोडे पुढे ढकलतो. ते ग्रिलच्या पोटातल्या वाटीएवढ्या लोखंडी भांड्यात, फायरपॉटमध्ये पडतात. तिथे विजेवर तापणारी कांडी त्यांना पेटवते आणि पंखा हवा देतो. वर आडवा पत्रा असल्यामुळे ज्वाळा थेट मांसाला लागत नाही. त्यावर तिरकी ट्रे असते, तिच्यावरून गळलेली चरबी बादलीत जाते. तुम्ही तापमान लावता. पेलेट किती आणि कधी टाकायचे ते कंट्रोलर ठरवतो.

यातून नवख्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. पंखा सतत फिरतो, म्हणजे हे ग्रिल खरं तर लाकडावर चालणारी कन्व्हेक्शन भट्टी आहे. आच सगळीकडून येते, त्यामुळे तुकडे सारखे उलटायची गरज नाही. मात्र हीच फिरती हवा पृष्ठभाग सुकवते. दुसरं म्हणजे धूर कमी तापमानाला जास्त मिळतो. १८० ते २२५ मध्ये आग धुमसत राहते. ३५० च्या वर पेलेट स्वच्छ जळतात आणि धुराची चव जेमतेम लागते.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर ग्रिल विकत घेण्याआधी लीझ वाचा. ज्वलनशील बाल्कनीत किंवा अशा बांधकामापासून १० फुटांच्या आत उघड्या आगीची चूल नको, असा अग्निसुरक्षेचा नियम अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी लागू आहे. स्वतःचं घर असलं तरी ग्रिल भिंतीला चिकटवून ठेवू नका. व्हायनिलचं सायडिंग, म्हणजे बाहेरच्या भिंतीवरचं प्लॅस्टिकचं आवरण, उष्णतेने वाकतं आणि वितळतं.

पेलेट

फक्त खाण्याच्या स्वयंपाकासाठी बनवलेले पेलेट घ्या. घर तापवायच्या स्टोव्हचे पेलेट दिसायला तसेच आणि स्वस्त असतात, पण त्यांत पाइनसारखं राळेचं लाकूड असू शकतं. त्याचा धूर अन्नाला लागू देऊ नये. कोंबडीला सफरचंद, चेरी किंवा पेकनचं लाकूड छान जमतं. हिकरी जास्त ठसठशीत, पण चालते. मेस्कीट सुरुवातीला टाळा. ब्रेस्टची मूळ चव इतकी सौम्य असते की मेस्कीट ती गिळून टाकतं.

पिशवी उघडल्यावर एक पेलेट बोटांत धरून मोडा. चांगला पेलेट वरून चकचकीत असतो आणि ‘कट्’ असा आवाज करत तुटतो. दमट झालेला पेलेट फुगलेला, निस्तेज दिसतो आणि दाबला की भुसा होतो. असा भुसा ऑगरमध्ये ओला होऊन सिमेंटसारखा बसला तर ग्रिल खोलूनच काढावा लागतो. म्हणून उरलेले पेलेट घट्ट झाकणाच्या बादलीत ठेवा, आणि ग्रिल आठवडाभर वापरणार नसाल, पावसाळी हवा असेल, तर हॉपरही रिकामा करा. २२५ अंशांवर तासाला साधारण अर्धा ते एक पौंड पेलेट जळतात, थंडीत आणि वाऱ्यात जास्त. ब्रेस्टच्या एका खेपेला ३ पौंड हातात असले की निर्धास्त राहा.

चिकन निवडताना

६ ते ८ औंसांचे तुकडे शोधा. १२ औंसांचं एकच अवाढव्य ब्रेस्ट दिसायला भरघोस असलं तरी त्याचं जाड टोक शिजेपर्यंत पातळ टोक सुकून जातं. भराभर वाढवलेल्या मोठ्या कोंबड्यांत ‘वुडी ब्रेस्ट’ हा दोषही आढळतो. मांस कच्चं असतानाच दाबलं तर कडक लागतं, वर पांढऱ्या रेघा दिसतात, आणि काहीही केलं तरी खाताना करकरतं. पाकिटावरून बोटाने दाबून पाहा. मऊ आणि लवचीक असेल तेच घ्या.

मग लेबल वाचा. बऱ्याच पाकिटांवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की चिकनमध्ये अमुक टक्के ब्रॉथ किंवा मिठाचं पाणी आहे. हा आकडा १५ टक्क्यांपर्यंतही दिसतो. म्हणजे ते आधीच खारवलेलं असतं. सोडियमचा आकडा पाहिला तर लगेच कळतं: साध्या चिकनमध्ये ४ औंसांमागे ५० ते ७५ मिलीग्रॅम असतं, खारवलेल्यात २०० च्या वर. अशा चिकनला पुन्हा मीठ लावून ठेवलं तर ते हॅमसारखं खारट आणि रबरी होतं. ‘एअर चिल्ड’ लिहिलेलं मिळालं तर ते घ्या. ते थंड हवेत गार केलेलं असल्यामुळे त्यात बाहेरचं पाणी शिरलेलं नसतं आणि तुम्ही लावलेलं मीठ नीट मुरतं.

गोठलेलं असेल तर आदल्या दिवशी फ्रीजमध्ये खाली आणून ठेवा. घाई असेल तर बंद पिशवीत घालून गार पाण्यात ठेवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. ओट्यावर उघडं ठेवून वितळवू नका.

आणि धुऊ नका. हळद-मीठ लावून चिकन धुतल्याशिवाय शिजवायचं नाही ही आपल्याकडची पक्की सवय आहे; बाजारात समोर कापलेल्या कोंबडीच्या बाबतीत ती समजण्यासारखीही आहे. पाकिटातलं चिकन मात्र कारखान्यातच साफ होऊन येतं. नळाखाली धरलं की जंतू जात नाहीत, उलट उडणाऱ्या थेंबांबरोबर सिंकभर, शेजारच्या कोथिंबिरीवरही पसरतात. कागदी टॉवेलने टिपून घ्या, तेवढं पुरे.

जाडी सारखी करा

या पायरीला पाच मिनिटं लागतात आणि बहुतेक जण नेमकी हीच गाळतात. ब्रेस्टचा आकार थेंबासारखा असतो, एका बाजूला दीड-दोन इंच आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम अर्धा. तो तसाच ठेवला तर जाड भाग १६० ला पोचेपर्यंत पातळ टोक १८५ ला गेलेलं असतं. अर्धा तुकडा सुकला, असं जे होतं, त्याचं कारण हेच.

खालच्या बाजूला सुटीसुटी लोंबणारी पट्टी, म्हणजे टेंडर, असेल तर ती वेगळी करा. ती वीस मिनिटं आधी शिजते. मग ब्रेस्ट दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये ठेवून जाड भागावर लाटण्याने किंवा छोट्या जड तव्याच्या बुडाने ठोका. जोरात आपटू नका, नाहीतर तंतू फाटतात. वरून खाली सरळ, मधून कडेकडे सरकत जा. सगळीकडे एक इंच जाडी आली की थांबा. त्याहून पातळ केलंत तर धूर लागायच्या आत शिजून जाईल. तुकडा फारच मोठा असेल तर ठोकत बसण्यापेक्षा आडवा चिरून दोन करा.

तुकडा समोर असतानाच तंतू कोणत्या दिशेने जातात ते पाहून ठेवा. मसाला आणि धुराखाली ते नंतर दिसत नाहीत, आणि कापताना ही माहिती लागते.

मीठ

मीठ मांसातल्या प्रथिनांची घडी सैल करतं, आणि शिजताना ती आवळली तरी पाणी धरून ठेवतात. म्हणूनच ऐन वेळी वरून भुरभुरलेल्या मिठाने चव येते, पण रस राहत नाही. वेळ द्यायला हवा.

कोरडी पद्धत सोपी आणि आमच्या मते स्मोकिंगला जास्त चांगली. मांसाच्या वजनाच्या १ टक्का मीठ, म्हणजे ९०० ग्रॅमला ९ ग्रॅम. बारीक टेबल सॉल्टचे दीड चमचे होतात. कोशर मीठ (जाडसर खड्यांचं) वापरत असाल तर ब्रँड पाहा: डायमंड क्रिस्टलचे खडे हलके असतात, तेवढ्याच वजनाला तीन चमचे लागतात, मॉर्टन कोशरचे दोनला थोडे कमी. चमच्याच्या मापाने ब्रँड बदलला की पदार्थ खारट होतो, त्यामुळे छोटा वजनकाटा असलेला बरा. दोन्ही बाजूंना मीठ सारखं लावा आणि जाळीवर, खाली ताट ठेवून, फ्रीजमध्ये उघडंच ठेवा.

पंधरा-वीस मिनिटांनी पाहिलंत तर पृष्ठभागावर पाण्याचे बारीक मणी आलेले दिसतील. मीठ आतलं पाणी ओढून बाहेर काढतं ते हे. इथे घाबरून पाणी टिपून टाकू नका, त्यात तुमचं मीठ विरघळलेलं आहे. पाऊण-एक तासात ते मणी पुन्हा आत जिरतात आणि मांस किंचित चिकट, गडद दिसू लागतं. निदान ४ तास ठेवा, रात्रभर ठेवलं तर उत्तम, २४ तासांच्या पुढे नको.

वेळ नसेल तर ओली पद्धत: १ लिटर गार पाणी, ५० ग्रॅम मीठ, २५ ग्रॅम साखर. नीट विरघळवून त्यात तुकडे बुडवून फ्रीजमध्ये २ तास, फार तर ४. बाहेर काढून पूर्ण टिपा. रात्रभर ठेवलंत तर खारट आणि लगद्यासारखं होईल. पाकिटातच खारवलेलं चिकन असेल तर या दोन्ही पायऱ्या सोडून द्या.

मसाला लावताना

एकदा मीठ लावलं की मसाल्यात मीठ नको. बाजारातल्या तयार बार्बेक्यू रबमध्ये (मांसाला चोळायच्या कोरड्या मसाल्यात) बहुतेक वेळा पहिला घटक मीठच असतो, तेव्हा लेबल पाहा. घरी करायचा तर काश्मिरी तिखट किंवा पॅप्रिका २ चमचे, लसूण पावडर १ चमचा, कांदा पावडर अर्धा, मिरपूड अर्धा, ब्राउन शुगर १ चमचा. बांधून ठेवायला ३ चमचे तेल.

आपले मसाले वापरायचे असतील तर एक अडचण आधी समजून घ्या. कढईत मसाला तेलात परतला जातो, तंदुरीत भडक आचेवर भाजला जातो. २२५ अंशांच्या ग्रिलवर मांसाचा ओला पृष्ठभाग तेवढा तापतच नाही, त्यामुळे कच्चं तिखट आणि कच्ची धणेपूड शेवटपर्यंत कच्चीच लागते. तेल कोमट करून त्यात तिखट-हळद घाला, रंग सुटला की गॅस बंद करा, पूर्ण गार करा आणि मग ते तेल मांसाला चोळा. जिरं-धणे भाजून कुटलेलेच घ्या. गोडा मसाला आधीच भाजलेला असतो, तो चालतो. पण अर्ध्या चमच्याच्या वर नको, त्यातल्या दगडफूल-लवंगेवर धुराचा थर चढला की कडवट होतं.

दह्याचं जाड मॅरिनेशन इथे काम करत नाही. मंद आचेवर दही फाटून दाणेदार साका होतो आणि मांसापर्यंत धूर पोचत नाही. दह्यात मुरवलंच असेल तर ग्रिलवर ठेवण्याआधी सगळं निपटून, टिपून काढा.

ग्रिल पेटवणं

आधी आतलं पाहा. फायरपॉटमध्ये जुनी राख साचली असेल तर ती काढा. तीन-चार वापरांनंतर हे करावंच लागतं. ट्रेवर चरबीचा थर असेल तर खरवडा. हॉपर भरा. मग कंपनीने सांगितल्याप्रमाणे झाकण उघडं किंवा बंद ठेवून पेटवा. यात प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं आणि पुस्तिका पाहण्याला पर्याय नाही.

सुरुवातीला पांढरा, दाट, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो. हा अर्धवट जळलेल्या लाकडाचा धूर, आणि यात ठेवलेलं चिकन कडू होतं. १० ते १५ मिनिटांत आग स्थिरावली की धूर पातळ आणि निळसर होतो, कधी कधी नीट पाहिल्याशिवाय दिसतही नाही. नवख्यांना वाटतं धूर बंद झाला. चिमणीजवळ नाक न्या, लाकडाचा गोडसर वास येत असेल तर सगळं ठीक आहे. आपल्याकडे धुंगार देताना निखाऱ्यावर तूप सोडून झाकण घालतात, तो धूर पाच मिनिटांत काम करून जातो. इथे तास-सव्वा तास लागायचा आहे, म्हणून तो हलकाच हवा.

तापमान २२५ ला लावा.

मांस ग्रिलवर

चिकन फ्रीजमधून काढून थेट ग्रिलवर जातं. ओट्यावर ठेवून खोलीच्या तापमानाला आणायची गरज नाही, ते सुरक्षितही नाही. धूर गार आणि किंचित ओलसर पृष्ठभागावर जास्त चांगला बसतो, त्यामुळे थंड चिकन हा इथे फायदाच आहे.

तुकड्यांमध्ये निदान एक इंच अंतर ठेवा. फायरपॉटच्या बरोबर वरची जागा बहुतेक ग्रिलांत जास्त तापते. आपल्या ग्रिलचे गरम कोपरे ओळखायचे असतील तर एकदा ३५० अंशांवर जाळीभर पांढऱ्या ब्रेडच्या स्लाइस मांडून दहा मिनिटं ठेवा. जिथे ब्रेड आधी तांबूस होतो तिथे मोठे तुकडे, बाकी ठिकाणी छोटे.

प्रोब, म्हणजे थर्मामीटरची टोचायची सळई, सर्वांत जाड तुकड्याच्या मध्यभागी, वरून न टोचता बाजूने आडवा घाला. एक इंच जाडीत वरून टोचलेल्या प्रोबचं टोक पार जाऊन जाळीला लागतं आणि आकडा वीस-तीस अंश जास्त दिसतो. ग्रिलबरोबर आलेल्या एकट्या प्रोबवर भिस्त ठेवू नका. हातात धरायचा झटपट वाचणारा थर्मामीटर घ्या. तो खरा आहे का हे पाहायला पेला बर्फाने गच्च भरून वर गार पाणी ओता, ढवळा, मधोमध टोक धरा. ३२ दिसायला हवं. उकळत्या पाण्याची चाचणी डेन्व्हरसारख्या उंच गावात फसवते, तिथे पाणी २१२ च्या बरंच आधी उकळतं.

झाकण लावा आणि ४० मिनिटं उघडू नका. दर वेळी उघडलं की उष्णता जाते, कंट्रोलर जास्त पेलेट टाकतो, आग भडकते आणि तापमान वर उसळतं.

एक इंच जाडीचं ८ औंसांचं ब्रेस्ट २२५ अंशांवर ६० ते ७५ मिनिटांत १६० ला पोचतं. वारा, थंडी, ग्रिलचा पत्रा किती जाड यावर हे दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे होतं, म्हणून घड्याळ फक्त ‘आता बघायला हवं’ एवढं सांगण्यापुरतं. ४० मिनिटांनी प्रत्येक तुकडा तपासा. १४५ नंतर दर पाच मिनिटांनी बघा. १५५ नंतर तिथून हलू नका. सगळे तुकडे एकाच वेळी होत नाहीत. जो १६० ला आला तो लगेच उचला, बाकीचे राहू द्या.

धूर जास्त हवा असेल तर पहिली ३० मिनिटं १८० वर ठेवून मग २२५ करा. एकूण वेळ वीसेक मिनिटांनी वाढेल. काही ग्रिलांत यासाठी वेगळं बटण असतं. याउलट वरून छान रंग हवा असेल तर २२५ वर १३५ पर्यंत न्या, मग ग्रिल ३७५ ला लावा आणि १५७-१५८ ला उतरवा, कारण जास्त आचेवरून काढलेलं मांस बाहेर आल्यावरही ५ ते ८ अंश चढतं. हे शेवटचे काही अंश फार पटकन जातात, म्हणून पहिल्या दोन-तीन खेपा सरळ २२५ वरच करा. कातडीसकट ब्रेस्ट असेल तर मात्र शेवटची मोठी आच हवीच. २२५ वर कातडी शिजते पण कुरकुरीत होत नाही, वातड राहते.

मुरू देणं, कापणं

काढलेले तुकडे ताटात ठेवून वर फॉइल सैलसर टाका. घट्ट गुंडाळलंत तर वाफेने मसाला ओला होतो. ५ ते १० मिनिटांत २२५ वरून आलेलं मांस २ ते ५ अंश चढतं. जाड भागात पुन्हा थर्मामीटर घालून १६५ आहे का पाहा. १६२ वर अडकलं तर ग्रिलवर आणखी चार-पाच मिनिटं पुरतात.

आता मघाशी पाहिलेली तंतूंची दिशा आठवा आणि त्याला आडवं कापा, अर्ध्या इंचाचे काप. नीट झालेल्या तुकड्यात सुरी दाबताच कापाच्या तोंडाशी स्वच्छ, पारदर्शक रस चमकतो, पण पाटावर त्याचं तळं होत नाही. कडेला पाव इंचाचा गुलाबी पट्टा दिसला तर ते कच्चं नाही. धुरातले वायू मांसातल्या मायोग्लोबिनशी जोडले जाऊन हा रंग देतात, आणि तो पूर्ण शिजल्यावरही टिकतो. कच्चं मांस मधोमध आणि पारभासक, बुळबुळीत असतं. शंका आली तर थर्मामीटर घाला.

सोबत काही हवं असेल तर अलाबामाचा पांढरा सॉस. डिकेटर गावात बिग बॉब गिब्सन यांनी १९२५ साली सुरू केलेल्या बार्बेक्यूच्या ठिकाणी स्मोक केलेली कोंबडी या सॉसमध्ये बुडवून देतात. घरच्यासाठी १ कप मेयोनीज, पाव कप ॲपल सायडर व्हिनेगर, १ चमचा मिरपूड, १ चमचा हॉर्सरॅडिश, थोडं लिंबू आणि मीठ. हॉर्सरॅडिश नसेल तर मोहरी फेसून घाला, झणका तसाच येतो. ब्रेस्टला स्वतःची चरबी नसते, ती उणीव हा सॉस भरून काढतो.

बिघडलं तर

वरचा थर चामड्यासारखा झाला: पृष्ठभागाला तेल कमी पडलं किंवा वारं फार होतं. पुढच्या वेळी तेल नीट चोळा आणि ग्रिलवर कोपऱ्यात पाण्याचं पसरट भांडं ठेवा.

कडू लागतं: पांढऱ्या धुरात मांस ठेवलं, पेलेट दमट होते, किंवा ट्रेवरची जुनी चरबी जळत होती. नेहमी या तिन्हींपैकी एक निघतं.

तापमान पडत चाललं आहे आणि धूरही नाही: आग विझली. इथे घाईने पुन्हा चालू करू नका. विझलेल्या काळातही ऑगरने पेलेट टाकलेले असतात. फायरपॉट काठोकाठ भरलेला असताना पेटवलं तर एकदम भडका उडतो. बंद करा, थंड होऊ द्या, जाळी आणि ट्रे काढून फायरपॉट रिकामा करा, मग पेटवा. त्या वेळात अर्धवट शिजलेलं चिकन घरातल्या ओव्हनमध्ये ३५० वर घालून पूर्ण करा, बाहेर तसंच ठेवू नका. विझण्याची नेहमीची कारणं म्हणजे राख साचणं आणि हॉपरमध्ये मधोमध खड्डा पडून कडेचे पेलेट खाली न सरकणं. मधून मधून हॉपरमध्ये पेलेट हाताने सपाट करा, तेही ऑगरच्या जाळीत बोटं न घालता.

ग्रिल सुरू करताच अंगणातला सॉकेट ट्रिप होतो: पेटवणाऱ्या कांडीत ओल शिरली असण्याची शक्यता जास्त. ग्रिल कोरड्या जागी दिवसभर ठेवून पाहा. तरीही होत असेल तर कांडी बदला.

संपल्यावर

प्लग ओढून ग्रिल बंद करू नका. बंद करण्याची क्रिया सुरू केली की पंखा १० ते १५ मिनिटं चालत राहून फायरपॉटमधले उरलेले पेलेट जाळतो. मध्येच वीज तोडली तर धुमसणारी आग ऑगरमधून उलटी हॉपरकडे सरकू शकते. राख दुसऱ्या दिवशी, पूर्ण थंड झाल्यावर, धातूच्या डब्यात काढा.

उरलेलं चिकन दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं आणि तीन-चार दिवसांत संपायला हवं. अख्खेच तुकडे ठेवा, कापून ठेवले की सुकतात. गार चिकनचे पातळ काप पोळीत कांदा-लिंबू घालून गुंडाळले तर धुराची चव गरम असतानापेक्षा जास्त कळते. गरम करायचंच असेल तर झाकणाच्या भांड्यात दोन चमचे पाणी किंवा ब्रॉथ घालून मंद आचेवर करा; मायक्रोवेव्हच्या पूर्ण ताकदीवर दोन मिनिटांत इतका जपलेला रस निघून जातो. पुलावात घालणार असाल तर भात शिजून वाफ जिरत असताना, गॅस बंद केल्यानंतर वरून पसरा आणि पाच मिनिटं झाकण ठेवा.